स्क्रूवरचं नेलपॉलिश

दुरुस्तीला कीबोर्ड आणणारा माणूस खोटं बोलतोय, असं मी गृहीतच धरते. "काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला," असं शपथेवर सांगणाऱ्यांच्या वाद्यांतून मी आजवर सांडलेली कॉफी, मुंग्यांचं वारूळ, दुधाचा दात आणि एकदा तर बायकोपासून लपवलेलं घड्याळ काढलंय. बावीस वर्षं हेच करतेय. झाकण उघडलं की आत खरं काय ते दिसतं, फक्त बघता यायला हवं. मला बघता येतं, असा माझा लौकिक आहे, आणि त्या लौकिकाचा मला चांगलाच माज होता.

त्या सोमवारी एक शाळामास्तरीणबाई आल्या. संगीत शिकवतात म्हणाल्या. कीबोर्ड चादरीत गुंडाळून आणला होता आणि हातात एक कापडी पिशवी.

"मधल्या चार पट्ट्या मुक्या झाल्यात," त्या म्हणाल्या. "आणि वरची एक हळू दाबली तरी किंचाळते. चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला होता, त्याने तुमच्याकडे पाठवलं."

"शाळेने विकत घेतला?"

"नाही, भेट मिळाला. एक गृहस्थ आहेत, वादक. नाव सांगू नका म्हणालेत."

माझ्या मनात पाल चुकचुकली. वाद्य देणारा माणूस नाव का लपवेल? लोक शाळेला पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतात.

"वायर, पेडल सगळं या पिशवीत आहे," बाई म्हणाल्या. मी पिशवी टेबलाखाली सरकवली. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी आतलं बघायचं, बाहेरचं सगळ्यात शेवटी. काम करताना वीजही माझ्या टेबलावरचीच वापरते, गिऱ्हाइकाच्या वायरवर माझा विश्वास नसतो.

बाई गेल्यावर मी कीबोर्ड पालथा घातला. या कंपनीचा हा काळा नमुना गल्लोगल्ली आहे, त्यामुळे बाहेरून काही वाटलं नाही. मी पुठ्ठा घेतला, त्यावर वाद्याचा आकार काढला आणि जिथला स्क्रू निघेल तिथेच पुठ्ठ्यात खोचायचा म्हणून स्क्रू-ड्रायव्हर लावला. हे करावंच लागतं. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो वर येऊन पट्टीला खालून ढोसतो आणि मग वाद्य पुन्हा आपल्याच दारात.

पहिला स्क्रू फिरेना. दिव्याखाली धरलं तर त्याच्या डोक्यावर जांभळ्या नेलपॉलिशचा वाळलेला थेंब.

माझे हात थांबले. स्क्रू कंपनाने सैल होऊ नये म्हणून मी प्रत्येकावर एक थेंब टाकते. बाकीचे यासाठी गोंद वापरतात. लग्नात मला कोणीतरी जांभळं नेलपॉलिश दिलं होतं, नखांना लावायला कधी सवड झाली नाही, ते असं कामी आलं, आणि तेव्हापासून मी तोच रंग आणते. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस स्क्रूंवर थेंब होते. दोन स्क्रूंवरचे तेवढे ताजे तडकलेले. चौकातल्याने उघडायला घेतलं असणार.

झाकण काढलं. पट्ट्यांखाली जी रबरी पट्टी असते, जिच्यावरचे काळे ठिपके खालच्या बोर्डाला टेकले की सूर निघतो, ती मी हलकेच उचलली. बोर्डावर एका तुटलेल्या रेघेवरून केसाएवढी निळी तार ओढलेली होती. सोल्डरचे दोन बारीक मणी. ती तार मीच ओढली होती, माझ्या दादासाठी, तीन वर्षांपूर्वी.

हा दादाचा कीबोर्ड होता. आठ महिन्यांपूर्वी चोरीला गेलेला.

आता ती चोरी सांगायला हवी, कारण तिच्यामुळे माझ्या घराची दोन शकलं झाली होती. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात चोवीस वर्षं कीबोर्ड वाजवायचा. त्याच ऑर्केस्ट्रात माझे धाकटे दीर ड्रम वाजवायचे. त्यांना मी भावजी म्हणते. एका कार्यक्रमानंतर सामान टेंपोत भरलं, आणि तालमीच्या खोलीवर उतरवताना दादाच्या कीबोर्डची पेटी उघडली तर रिकामी. दादा पायरीवर बसला तो उठेचना. त्यानंतर त्याने कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. "जीवच गेला माझा त्यात," एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्या तालमीच्या खोलीत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. दादा आणि भावजी सोडून सात जण बसले होते, आणि मी वाद्याचा फॉल्ट शोधावा तसा चोर शोधायला लागले. टेंपोची किल्ली कोणाकडे होती? भावजींकडे. सगळ्यात शेवटी टेंपोपाशी कोण होतं? भावजी. त्याच आठवड्यात ड्रमसेटला पितळी थाळ्यांचे नवे, महागडे सिंबल कोणी आणले? भावजींनी. मी बोट करून म्हटलं, "आणखी काय हवंय? चोर इथेच बसलाय."

भावजी एक अक्षर बोलले नाहीत. काठ्या पिशवीत घातल्या आणि निघून गेले. गप्प बसला म्हणजे खाल्ली माती, असं सगळ्यांनी धरलं. मी तर सगळ्यांत आधी. ऑर्केस्ट्राने त्यांना काढलं. ते आमच्या घरी यायचे बंद झाले. माझा नवरा माझ्याशी बोलायचा, पण भावाचा विषय निघाला की ताट सरकवून उठायचा.

म्हणून त्या सोमवारी ती निळी तार बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आठ महिन्यांनी मुद्देमाल सापडला होता. आणि देणारा कोण, तर "एक वादक गृहस्थ", नाव न सांगणारे. मी लगेच नवऱ्याला फोन लावला.

"सापडला," मी म्हटलं. "तुझ्या भावाचा प्रताप माझ्या टेबलावर पडलाय. पचवता आला नाही, म्हणून शाळेला देऊन पुण्य मिळवायला निघालेत."

"त्यानेच दिला असं ती बाई म्हणाली?"

"नाव सांगत नाहीये. पण मी काढून घेते बघ."

"तू घेशीलच," नवरा म्हणाला आणि फोन ठेवला.

मंगळवारी बाई चौकशीला आल्या. मी काम तयार नाही असं खोटंच सांगितलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

"ते गृहस्थ तरुण आहेत का हो? उंच, कुरळे केस?"

"का?"

"सहज. वाजवणारे सगळे माझ्या ओळखीचे असतात."

"मग असतील ओळखीचे."

"ड्रमही वाजवतात का?"

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. वर्गात कॉपी करणाऱ्याकडे बघत असतील तशा. "ताई, तुम्ही दुरुस्ती करताय की तपास? माझा कीबोर्ड आहे ना जागेवर? जरा दाखवा बघू."

म्हणजे माझ्यावरच संशय! मी तिरीमिरीत उठून वाद्य दाखवलं. त्यांनी अंक लिहिलेलं लेबल मोबाइलमधल्या फोटोशी ताडून बघितलं, आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडला. "उद्या दुपारी नेते," त्या म्हणाल्या. "झाला असेल तर झाला, नाहीतर तसाच." चोरीचा माल बाळगणारी बाई इतकी ताठ कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मला वाटलं, मुरलेली आहे.

बुधवारी सकाळी मी काम उरकलं. रबरी पट्टी स्पिरिटने पुसली, बोर्डावरचे डाग काढले. शाळेत कोणीतरी पट्ट्यांवर खडू घासला होता, त्याची पूड आत बसली होती. किंचाळणाऱ्या पट्टीचा ठिपका झिजला होता, तो बदलला. स्क्रू पुठ्ठ्यावरून एकेक करत जागी गेले, वर जांभळे थेंब. मग शेवटी गिऱ्हाइकाच्या वायरवर वाजवून बघायचं म्हणून मी टेबलाखालची पिशवी ओढली आणि ॲडॉप्टर बाहेर काढला.

त्याच्या मानेपाशी लाल चिकटपट्टी होती. तिच्यावर माझ्या अक्षरात "दादा".

चोरी झाली त्या दिवशी हा ॲडॉप्टर माझ्या दुकानात होता. वायर तुटली म्हणून दादाने टाकला होता आणि कार्यक्रमासाठी दुसऱ्याचा मागून नेला होता. चोरीनंतर चार दिवसांनी मी स्वतः तो दुरुस्त करून त्याच्या घरी नेऊन दिला. त्याने तो कपाटात ठेवला, माझ्यासमोर. मी त्या वायरीकडे बघत बसले. चोर कीबोर्ड नेईल. पण चार दिवसांनी दादाच्या कपाटातून ॲडॉप्टर कशाला नेईल?

ज्याच्याकडे दोन्ही होतं असा माणूस एकच होता.

दुपारी बाई आल्या तेव्हा मी वाद्य मुकाट्याने चादरीत बांधून दिलं. त्या दाराशी जाऊन थांबल्या. "उंच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "वयस्कर आहेत. टक्कल आहे. नाव मात्र नाही सांगणार."

"नका सांगू," मी म्हटलं.

दुकान बंद करून मी तडक दादाकडे गेले. वहिनी गेल्यापासून तो एकटाच राहतो. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं. मी चपलाही काढल्या नाहीत.

"दादा, ॲडॉप्टर कुठाय?"

"कुठला?"

"लाल पट्टीचा. कपाटातला."

त्याने कपाटाकडे बघितलं नाही. खुर्चीकडे बघितलं आणि बसला. "मी त्या बाईला सांगितलं होतं, दुरुस्तीला चौकातल्याकडेच न्या म्हणून."

"नेला होता. त्याने जांभळे थेंब ओळखले आणि माझ्याकडे पाठवला. दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही आम्ही."

"हं," दादा म्हणाला. मग त्याने उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि पट्ट्या दाबल्यासारखी बोटं चालवली. पहिली तीन बोटं चालली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वळून घट्ट बसली. त्याने डाव्या हाताने ती सरळ केली, पुन्हा चालवली. पुन्हा वळली.

"कप धरता येतो," तो म्हणाला. "बटण लावता येतं. पट्ट्यांवर ठेवला की असं. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणाले, वाजवणं बंद करा."

"मग बंद करायचं होतंस! चोरी कशाला?"

"चोरी झाली म्हटलं की लोक हळहळतात, चिमे. बोटं गेली म्हटलं की दुसरा वादक शोधतात. मी त्या दिवशी हॉलच्या मागच्या दाराने कीबोर्ड टॅक्सीत घातला आणि रिकामी पेटी टेंपोत चढवली. फेकून देववेना, घरात बघवेना. म्हणून शाळेत."

मला त्याची दया येत होती आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. "आणि भावजी? ते चोर ठरले, त्याचं काय?"

"मी कधी त्याचं नाव घेतलं?"

"मी घेतलं तेव्हा गप्प बसलास!"

"तू इतक्या खात्रीने बोलत होतीस," दादा म्हणाला, "की क्षणभर मलाही वाटलं, खरंच चोरी झालीय."

त्याने हात मांडीखाली दडवला. "सांगू नकोस कोणाला. त्याला दुसरं काम मिळालंय, तरुण आहे तो. माझ्याकडे एवढंच उरलंय, की लोक अजून मला वादक म्हणतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भावजींच्या गोदामाबाहेर उभी होते. ते तिथे ट्रकमधून माल उतरवून घ्यायचे. मला बघून त्यांनी आधी मागे बघितलं, जणू मी दुसऱ्याच कोणासाठी आलेय.

"घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. भावजी, कीबोर्ड सापडला. चोरी झालीच नव्हती." मी सगळं सांगितलं, बोटांसकट. दादाने नको म्हटलं होतं तरी सांगितलं.

भावजींनी हातमोज्यांची धूळ झटकली. "शेवटचं वर्षभर दादा मध्येच मागे पडायचे," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझाच ठेका चुकतोय. घरी जाऊन तासन्‌तास घड्याळाच्या टिकटिकीवर वाजवायचो."

"मला माफ करा."

"वहिनी, दादांनी माझं नाव घेतलं असतं ना, तर मी त्यांची कॉलर धरली असती. पण तुम्ही घेतलंत. तुम्ही नुसता कान लावून सांगता, फॉल्ट अमुक ठिकाणी आहे, आणि तो तिथेच निघतो. सगळ्यांनी बघितलंय ते. तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार होतं?"

"मी काय करू सांगा."

"इथे गेटवर माफी नको. जिथे म्हणालात तिथे म्हणा. त्याच सात जणांसमोर."

"म्हणजे दादाचं सगळं बाहेर येईल."

"मग नका म्हणू," भावजी म्हणाले आणि आत गेले.

दोन दिवस मी हिशेब मांडत होते, दादाची लाज एका पारड्यात आणि भावजींचं नाव दुसऱ्यात. नवऱ्याला सांगितलं तर तो फक्त "बोल बाई, एकदाचं बोल" एवढंच म्हणाला. शनिवारी मी दादाला फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी तालमीला जाऊन मी बोलणार आहे, तुझं नाव जमेल तेवढं मागे ठेवेन. त्याने फोन बंद केला.

तालमीची खोली टायरच्या दुकानावर आहे, रबराचा वास जिन्यापासून लागतो. रविवारी सातही जण होते, शिवाय दादाच्या जागी आलेला नवा कीबोर्डवाला. भावजी दाराशी उभे होते. आत या असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

"मी त्या दिवशी चुकले," मी म्हटलं. "भावजींनी काहीही नेलं नव्हतं. चोरी झालीच नव्हती."

ऑर्केस्ट्राचे मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. "आठ महिन्यांनी? सासरकडून तगादा लागला वाटतं."

"तसं नाही. कीबोर्ड सापडलाय."

"कुठे? कोणाकडे?"

"ते नाही सांगता येणार."

"असं कसं?" गायिका म्हणाली. "त्या दिवशी पटापट सगळं सांगत होतात. आता सापडला म्हणता आणि कुठे ते सांगत नाही. मग आम्ही काय समजायचं?"

सातही चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते बघणं माझ्या चांगलं ओळखीचं होतं. मी गिऱ्हाइकांकडे तसंच बघते. काहीतरी लपवतेय ही बाई. दादाचं नाव ओठावर आलं आणि तिथेच अडकलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दादा आत आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कार्यक्रमाला घालायचा तो. कोणाकडे न बघता तो नव्या कीबोर्डवाल्यापाशी गेला. तो बिचारा गडबडीने उठला. दादा बसला आणि ऑर्केस्ट्रा ज्या धूनने कार्यक्रम सुरू करायचा, ती त्याने वाजवायला घेतली. संथ भाग नेहमीसारखा आला, इतका गोड की मास्तरांनी डोळे मिटले. मग जलद भाग लागला आणि दोन बोटं आत वळली. सूर एकमेकांवर आदळले. दादा थांबला, बोटं सरळ केली, पहिल्यापासून सुरू केलं. तिथेच पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. तो चौथ्यांदा सुरुवात करायला लागला तेव्हा भावजी दारातून आत आले आणि त्यांनी दादाचं मनगट धरून हात पट्ट्यांवरून उचलला.

"बास, दादा. कळलं सगळ्यांना."

"कीबोर्ड मीच नेला होता," दादा म्हणाला. "हा चोर ठरला, आणि मी गप्प बसलो."

मग एकच गलका झाला. गायिकेला रडू फुटलं. मास्तरांनी पाणी आणलं, कोणी डॉक्टरचं नाव सुचवलं, कोणी म्हणालं, दादा, तुम्ही नुसते येऊन बसा, तुमची खुर्ची तुमचीच आहे. सगळे दादाभोवती गोळा झाले. मीही त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले आणि मला बरं वाटत होतं. झालं एकदाचं, असं वाटत होतं.

भावजी बाजूला एकटेच उभे होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुमचं राहिलंय."

गलका थांबला. मी दादाच्या खांद्यावरचा हात काढला.

"जाऊ द्या हो," मास्तर म्हणाले. "झालं गेलं. घरातलीच माणसं आहात."

"जाऊ नका देऊ," भावजी म्हणाले. "मला जाताना कोणी म्हटलं नव्हतं, जाऊ द्या म्हणून. त्यांना बोलू दे."

मी खोलीच्या मधोमध आले, आठ महिन्यांपूर्वी उभी होते तिथेच.

"दादा खोटं बोलला, ते त्याचं तो बघेल," मी म्हटलं. "यांना चोर मी म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्याकडे पुरावा नव्हता, नुसती खात्री होती. परवा कीबोर्ड हातात आला, तेव्हाही मी आधी यांनाच चोर धरलं आणि मला आनंद झाला."

हे शेवटचं वाक्य ऐकून भावजींनी मान वर केली. ते त्यांना माहीत नव्हतं. मीही ते सांगायचं ठरवून आले नव्हते.

कोणीतरी खाली बघायला लागलं. "खाली बघू नका," मी म्हटलं, "त्या दिवशी सगळे वर बघत होतात." आणि भावजींचं नाव घेऊन, एकेकाकडे बघत, मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.